गेम बनवायची खुमखुमी येते कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला कोणी ना कोणी मेसेज करतं, कधी बारावीचा मुलगा, कधी आयटीत कंटाळलेला माणूस, कधी एखाद्याची आई. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळे एकदाच इथे टाकतोय. उत्तरं माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

लोक गेम बनवायला लागतात ते नक्की कशामुळे?

मोठी स्वप्नं वगैरे नंतर येतात हो. बहुतेकांची सुरुवात खेळता खेळता काहीतरी खटकण्यातून होते. गल्लीतलं क्रिकेट आठवा. जागा एवढीशी, पोरं सहाच, मग "वन टप्पा वन हँड आऊट" कोणी काढलं? फिल्डर कमी पडत होते म्हणून काढलं. काकूंच्या गॅलरीत बॉल गेला की आऊट, आणि मागायला पण त्यानेच जायचं, हा नियम कोणी केला? ज्याला काकूंच्या शिव्या खायच्या नव्हत्या त्याने. भिंतीला डायरेक्ट लागला तर चार, कारण पळून रन काढायला जागाच नाही. याला गेम डिझाइनच म्हणतात, आणि हे आपण सगळ्यांनी दहाव्या वर्षीच केलेलं असतं, फक्त त्याचा पगार कोणी देत नव्हतं.

तेव्हा "मला इन्स्पिरेशन मिळत नाही" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो की शेवटचा जो गेम खेळलात त्यात कशाने डोकं फिरलं? त्याचं उत्तर लगेच येतं, आणि बऱ्याचदा खूप लांबलचक येतं.

मग मोठ्या डिझायनर लोकांना पण दुसरे गेम खेळूनच सुचलं का?

नाही, आणि इथेच गंमत आहे. ज्यांची नावं आपण घेतो त्यातल्या बऱ्याच जणांना गेमच्या बाहेरचंच काहीतरी सापडलं होतं.

शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओवाला, क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढला. लहानपणी भटकताना त्याला एक गुहा सापडली, मग तो कंदील घेऊन परत आत गेला. १९८६ चा झेल्डा हा त्या अंधारात पाय टाकण्याच्या भावनेवर उभा आहे. मारिओमध्ये साखळीला बांधलेला एक काळा गोळा अंगावर धावून येतो ना, तो त्याच्या लहानपणी साखळीपर्यंत धावून आलेल्या कुत्र्यावरून आलाय. पुढे वय झाल्यावर बागकाम करायला लागला आणि मुंग्यांच्या रांगा बघून पिकमिन काढला, २००१ मध्ये. म्हणजे ह्या माणसाच्या आयुष्यात जे जे झालं त्याचा त्याने गेम केला.

पोकेमॉनवाल्या सातोशी ताजिरीचं तर अजून भारी आहे. टोकियोच्या कडेला माचिदा भागात तो किडे पकडत फिरायचा, पोरं त्याला किडेवाला डॉक्टरच म्हणायची. हळूहळू तिथली शेतं, तळी बुजवून इमारती झाल्या आणि किडे गेले. मोठेपणी दोन गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायची मशीनं, जोडायची केबल बघून त्याच्या डोक्यात आलं की या वायरवरून एखादा किडा सरपटत मित्राच्या डब्यात गेला तर? पोकेमॉन तो हाच, १९९६ ला जपानमध्ये आला, बनवायला जवळपास सहा वर्षं लागली. आणि पोकेमॉन बनवणारी गेम फ्रीक आधी कंपनीच नव्हती, १९८३ मध्ये ताजिरीने हाताने लिहून स्टेपल मारलेलं एक छोटं मासिक होतं ते, आर्केडमधल्या, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या, गेमच्या टिप्सचं. आपल्याकडे ज्या पोरांची शेताकडेची विहीर बुजवून प्लॉट पडले त्यांनी हे वाचून गप्प बसू नये असं मला वाटतं.

यासुहिरो वादा म्हणून अजून एक जण. क्युशूतल्या मियाझाकीचा, गाव नको म्हणून टोकियोला गेला आणि तिथे गेल्यावर गावाची आठवण यायला लागली, त्यातून हार्वेस्ट मून हा शेतीचा गेम आला, तो पण १९९६ चाच. मुंबई-पुण्यात रूमवर राहणाऱ्या किती जणांची हीच स्टोरी आहे बघा.

पॅकमॅन पिझ्झा बघून सुचला हे खरंय का?

अर्धं. तो बनवणारा तोरू इवातानी स्वतःच म्हणालाय की एक तुकडा काढलेला पिझ्झा हे अर्धंच खरं, "तोंड" या अर्थाचं जे चौकोनी जपानी अक्षर असतं ते गोल करून पण तो आकार आला. पण मला त्याचं खरं कारण जास्त आवडतं. १९८० च्या आसपास आर्केड म्हणजे पुरुषांचा अड्डा आणि सगळीकडे एलियन मारायचे गेम. मुली, कपल आत यावेत असा गेम करायचा होता म्हणून त्याने मारणं सोडून खाणं हा विषय घेतला. कोण खेळायला येत नाही हे बघून त्याने सुरुवात केली.

मला गोष्टी वगैरे सुचत नाहीत, नुसतं कोडिंग आवडतं. माझं काय?

मस्त चालेल. कितीतरी गेम "ह्या डबड्यावर हे होईल का" एवढ्याच किड्यातून आलेत. १९६२ चा स्पेसवॉर एमआयटीच्या पोरांनी केला कारण त्यांच्याकडे पीडीपी-१ नावाचं नवं मशीन आलं होतं आणि ते काय करू शकतं हे दाखवायचं होतं.

टेट्रिस घ्या. अलेक्सी पाजित्नोव मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये कामाला. त्याला पेंटोमिनो नावाचं लाकडी कोडं आवडायचं, पाच पाच चौकोनांचे बारा तुकडे असतात ते. १९८४ मध्ये तेच कॉम्प्युटरवर करायला गेला, बारा तुकडे जास्त झाले म्हणून चार चौकोनांवर आला, त्याचे सात होतात. आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० मशीनला ग्राफिक्सच नव्हते, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढले! पहिल्यांदा स्क्रीन पटकन भरून गेम संपायचा, मग भरलेली ओळ गायब करायची कल्पना आली आणि तिथून पुढे सगळं जग वेडं. पैसे मात्र त्याला १९९६ पर्यंत धड मिळाले नाहीत, पण तो विषय वेगळा.

विल राइटची गोष्ट पण याच जातीची. १९८४ मध्ये त्याने हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकायचा गेम केला, त्यासाठी बेटं काढायला एक एडिटर बनवला, आणि लक्षात आलं की बेटं उडवण्यापेक्षा बांधायलाच जास्त मजा येतेय. तो एडिटर वाढत वाढत १९८९ चा सिमसिटी झाला, शहर वसवायचा गेम. मधे पब्लिशर विचारत होते की यात जिंकायचं कधी? जिंकायचं नाहीच ना त्यात.

शाळेच्या लॅबमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो, तो प्रिन्स एवढा खरा कसा पळायचा?

हा प्रश्न नव्वदीतली पोरंच विचारतात, सर बाहेर गेले की मॉनिटर लावणारी. तो प्रिन्स म्हणजे गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरचा धाकटा भाऊ. मेकनरने त्याला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, कठड्याला लटकायला लावलं, व्हिडिओ कॅमेऱ्यात शूट केलं आणि मग एकेक फ्रेम ट्रेस करून अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर चढवली. तलवारबाजीसाठी त्याला कोणी मिळेना, म्हणून १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या लढाईच्या फ्रेम वापरल्या. डोक्यात सिनेमे होते त्याच्या, सिनेमात जाऊ का गेम करू यातच तो कित्येक वर्षं लोंबकळत होता, आणि ते त्या गेममध्ये दिसतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो सावलीवाला. आरशातून उडी मारली की बाहेर पडतो ना, आपल्यासारखाच दिसणारा, आपली बाटली पिऊन पळतो तो! तो कसा आला माहितीये? मेमरी संपली होती. नवीन शत्रूची चित्रं बसवायला जागाच नव्हती, आणि सोबतची एक सहकारी सारखी म्हणत होती की यात मारामारी पाहिजे. मग मेकनरने प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून त्यांच्यावरच उलटी चढवली, त्यातून एक चमचमणारी सावली तयार झाली, जादा मेमरी जवळपास शून्य. आणि एकदा ती दिसली म्हटल्यावर तिच्याशी लढताना वार केला तर आपलंच रक्त कमी होतं, शेवटी तलवार म्यान करायची, ही सगळी गोष्ट त्या अडचणीतून निघाली. १९८९ चा गेम आहे हा. तुमच्या लॅपटॉपला चार जीबीच रॅम आहे म्हणून रडणाऱ्यांनी ह्यावर थोडा वेळ घालवावा.

दुःख, राग असल्या गोष्टींवरून कोणी गेम बनवतं का?

खूप. १९७० च्या दशकात विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहा धुंडाळायचा, नकाशे काढायचा, बायको पण त्यातलीच. ते वेगळे झाले, मुली लांब गेल्यासारख्या वाटायला लागल्या, तेव्हा मुलींना खेळता येईल म्हणून त्याने नुसत्या शब्दांचा एक गुहेचा गेम लिहिला. "उत्तरेला जा", "दिवा उचल" असं टाइप करायचं. तो गेम अमेरिकाभर कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर फिरला, रॉबर्टा विल्यम्सने खेळला, तिला वाटलं यात चित्रं पाहिजेत, आणि १९८० मध्ये नवऱ्याबरोबर मिस्टरी हाउस काढला. एका बापाने मुलींसाठी केलेल्या गोष्टीवर पुढे ॲडव्हेंचर गेमची अख्खी जात उभी राहिली.

विल राइटचं घर १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळालं. परत संसार उभा करताना आपल्याला नक्की कुठल्या वस्तू लागतात याचा विचार करत गेला, ते धरून २००० मध्ये द सिम्स आला. लुकास पोपने विमानतळांवर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना बघून पेपर्स, प्लीज केला, २०१३ ला, त्यात आपणच तो शिक्के मारणारा माणूस असतो आणि घरी पोरं उपाशी. दॅट ड्रॅगन, कॅन्सर हा एका आई-बापाने आपल्या आजारी बाळावर केलेला गेम, काम चालू असतानाच बाळ गेलं, २०१६ ला गेम आला. मी तो कोणाला "खेळून बघ मजा येईल" म्हणून देत नाही.

कोलकात्याच्या लीना केजरीवाल या कलाकार मुलींच्या तस्करीवर काम करतात, त्यांचा मिसिंग हा मोबाइल गेम २०१६ चा. पळवून नेलेली मुलगी म्हणून आपण खेळतो.

दुसऱ्याचा गेम बघून तसाच करावासा वाटतो, ही कॉपी झाली का?

वाटणं म्हणजे कॉपी नाही, ते तर इंधन आहे. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून जो काउंटर-स्ट्राइक खेळलात तो मुळात हाफ-लाइफचा मॉड, म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये बदल करून काढलेला गेम होता, मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हौसेने केलेला, मग वाल्व कंपनीने त्यांनाच घेतलं. पबजीवाला ब्रेंडन ग्रीन तर प्रोग्रॅमरही नव्हता, फोटोग्राफी आणि डिझाइन करणारा आयरिश माणूस, आर्मा २ चे मॉड खेळता खेळता स्वतःचा करायला बसला, शेवटी एकच जण जगतो ही कल्पना एका जपानी सिनेमावरून. ज्या गेमवर आपल्या मधल्या पिढीची झोप उडाली तो असा मॉड करत करत २०१७ ला उभा राहिला.

एरिक बॅरोनचं पण तेच. त्याला हार्वेस्ट मून आवडायचा, नंतरचे भाग आवडेनासे झाले, नोकरी मिळेना तेव्हा कोडिंगची प्रॅक्टिस म्हणून स्वतःच तसा करायला बसला. चित्रं, संगीत, संवाद, कोड सगळं एकट्याने, चार वर्षांहून जास्त, मधे सिॲटलच्या एका थिएटरमध्ये लोकांना सीट दाखवायचं काम करत. स्टार्ड्यू व्हॅली, २०१६.

नियम उचला, चित्रं-संगीत-नावं उचलू नका, बाकी बिनधास्त.

पैसे कमवायला सुरू केलं तर वाईट का?

वाईट अजिबात नाही, पण टिकत नाही, कारण यात पैसा सगळ्यात शेवटी येतो आणि बऱ्याचदा येतच नाही. लोक फ्लॅपी बर्डचं उदाहरण देतात, की हनोईच्या त्या डाँग न्विनने दोन-तीन दिवसांत बनवला आणि जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर. बरोबर आहे. पण गेम मे २०१३ ला आला, कित्येक महिने कोणी विचारलं नाही, आणि डोक्यावर घेतला तेव्हा त्यानेच वैतागून फेब्रुवारी २०१४ ला काढून टाकला.

मान मिळत नाही म्हणून पेटून उठलेले पण आहेत. अटारी कंपनी गेमवर बनवणाऱ्याचं नाव टाकायची नाही. १९७९ मध्ये चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन काढली. अटारीतल्याच वॉरन रॉबिनेटने वेगळं केलं, गेममध्ये एक लपलेली खोली ठेवली, त्यात स्वतःचं नाव, आणि कोणाला पत्ता लागू न देता नोकरी सोडली!

आपल्याकडे कोणी बनवतं का? का सगळं जपान-अमेरिकाच?

बनवतात की. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी ऑगस्ट २०२० ला आला. देवळं, राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैली, मधेमधे सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. २०१७ ला त्यांची किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम फसली होती, तरी पूर्ण केला, आणि द गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. लॉकडाऊनमध्ये ज्यावर घराघरांत भांडणं झाली तो लुडो किंग नवी मुंबईचा. टोरंटोतल्या व्हिसाई गेम्सचा व्हेंबा, २०२३ चा, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबावर आहे, आईच्या फाटक्या, पुसट झालेल्या रेसिपीच्या वहीवरून पदार्थ करायचे, पहिली इडलीच! तो बघून मला पहिला विचार आला की पुरणाच्या पोळीवर हे आपण का नाही केलं.

मला शिवाजी महाराजांवर ओपन वर्ल्ड गेम करायचाय.

माहितीये. दहातले आठ जण हेच म्हणतात आणि मला त्याचा आनंदच आहे, पण ओपन वर्ल्ड गेमला, म्हणजे ज्यात अख्ख्या मोठ्या जगात हवं तिथे फिरता येतं त्याला, शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात, आणि तुम्ही दोघं आहात, त्यातल्या एकाची सेमिस्टर चालू आहे.

त्यापेक्षा एक रात्र घ्या, एक जागा घ्या. पावनखिंड बघा, जुलै १६६०. एकच स्क्रीन, अरुंद खिंड, पाऊस, समोरून माणसं येतायत, आपल्याकडे थकलेली मोजकी माणसं. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत धरून ठेवायचं. आता विचार करा, खेळणाऱ्याला टाइमर दाखवायचाच नाही. तोफ कधी वाजणार हे बाजीप्रभूंना माहिती नव्हतं, तर त्याला तरी का माहिती असावं? कधी विजेचा कडकडाट होतो आणि वाटतं तोफच झाली, नाही झालेली. कोणाला पुढे उभं करायचं, कोणाला दोन मिनिटं मागे घ्यायचं, एवढाच निर्णय. हे दोन जण काही महिन्यांत करू शकतात, आणि नीट झालं तर वीस किल्ल्यांच्या रिकाम्या नकाशापेक्षा जास्त मनाला लागेल.

गेममधून काहीतरी शिकवायचं असेल तर?

तर प्रश्नमंजूषा करू नका प्लीज. आपला मोक्षपट बघा, परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात तो, सापशिडीचाच जुना अवतार. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. उपदेशाचं भाषण नाही, घसरलात की कळतं.

घरचे म्हणतात गेम म्हणजे रमी, सट्टा. काय सांगू?

त्यांची चूक नाही, इतकी वर्षं टीव्हीवर त्याच जाहिराती दिसत होत्या. सांगा की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, आणि तुम्ही करताय तो प्रकार वेगळा, त्यात कोणाचे पैसे लागत नाहीत. तरी नाही पटलं तर बनवलेलं काहीतरी त्यांच्या हातात द्या. बाबा दोनदा हरले की तिसऱ्यांदा स्वतःच मागतात.

कोडिंग येत नाही, लॅपटॉप जुना आहे, पैसे नाहीत. सुरू कशात करू?

शाळकरी असाल तर स्क्रॅच, त्यात ठोकळे जोडून कोडिंग करायचं. थोडं पुढे गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, हलकं आहे, अर्जेंटिनात सुरू झालेलं. नुसती गोष्ट सांगायची असेल तर ट्वाइन. इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत, प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर, स्टीमला एका गेमचे १०० डॉलर. आणि कागद, पेन, फासा तर घरात असतोच, पावनखिंडवाला आधी कागदावरच खेळून बघा.

सुरुवात जोरात होते, मग उत्साह मावळतो. काय करू?

गेम जॅम करा. विषय ऐनवेळी देतात, वेळ ठरलेला, लडम डेअरमध्ये एकट्याला ४८ तास असतात, २००२ पासून चालू आहे. जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम होतो, भारतातही त्याची ठिकाणं असतात. मुदत असली की माणूस फापटपसारा आपोआप कापतो, ड्रॅगन नको, एकच खोली पुरे, असं होत जातं. सेलेस्ट या गेमची पहिली आवृत्ती दोघांनी चार दिवसांत पिको-८ या छोट्याशा टूलवर केली होती, मोठा गेम २०१८ ला आला. फसलं तर दोनच दिवस गेले ना, रविवारी रात्री झोपा.

माझ्याकडे एक जबरदस्त आयडिया आहे. तुम्ही बनवा, नफा अर्धा-अर्धा. पण आधी कोणाला सांगणार नाही असं लिहून द्या.

नाही. आयडिया चोरीची काळजी करू नका, चोरून बनवायचा म्हटला तरी चोराला पण दोन वर्षं बसावं लागेल, आणि त्याच्या स्वतःच्या चार आयडिया आधीच पडून आहेत. कागदावर काढून आणा, मी खेळून बघतो, आणि कुठे बोअर झालं ते तोंडावर सांगतो.